कुणीतरी

कॉडच्या कारखान्यात बुधवारी पट्टा थांबवला,
दोन तास, पगारी.
कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावली
आणि जमिनीवर निजवली ती बाहुली:
कमरेखाली काहीच नाही,
तोंड उघडं, ओठांवरचं काही
आत्ताच विसरल्यासारखं.

शिकवायला थोरबेर्गुर.
गावच्या अग्निशमन दलातला, एरवी शाळेची बस चालवतो.
खाली बसताना त्याचेच गुडघे कडकडले.
आम्ही हसलो. तोही.

तळहाताची टाच छातीच्या मधोमध.
कोपर ताठ. पाच सेंटिमीटर खाली, जरा जास्तच,
आणि मग सोडायचं, पूर्ण सोडायचं.
“दाबतात सगळे,” तो म्हणाला, “सोडायला विसरतात.”

एइत्न, त्वेइर, थ्रीर, असं तो मोजी.
पलीकडून कुणी इसा, दालावा, तात्लो.
मी आपली व्हिएनास, दू, त्रीस.
तिसाला सगळे एकदमच पोचलो,
धापा टाकत.

मग त्याने हात पुसले.
“‘कुणीतरी फोन करा’ असं ओरडायचं नाही.
कुणीतरी नावाचं माणूस या गावात राहत नाही.
बोट दाखवा: तू, लाल जॅकेटवाला,
लाव एकशे बारा.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
पांढरा कोट, पांढरी टोपी,
निळे हातमोजे, नाकापर्यंत मास्क.
लाल काहीच नव्हतं.

“मग नाव घ्या.”

फ्रीजची घरघर ऐकू आली.
तीन वर्षं मी ज्याच्या शेजारी उभी राहते
त्याच्या सुरीचा वेग मला ठाऊक,
त्याचा पहाटेचा खोकला ठाऊक,
डबा उघडला की येणारा व्हिनेगरचा वास.
नाव?
नऊ नंबर म्हणतो आम्ही. टेबलाचा नंबर.
त्यानेच मास्क खाली ओढला, म्हणाला, रोडेल.
आणि मी चौदा नंबर,
माझं नाव त्याला दोनदा सांगावं लागलं.

जानेवारीत, दुपारीच दिवे लागतात त्या दिवसांत,
चार नंबर खाली बसली.
सावकाश, पडलेला मासा उचलायला बसावं तशी.
मग आडवी झाली खोक्यांमध्ये.
पट्टा चालूच होता. मासे येतच होते.

हातांना सगळं आठवलं: टाच, कोपर, खाली, सोड.
तोंड मात्र फितूर झालं.
“कुणीतरी!” मी ओरडले, “कुणीतरी या!”
आणि मास्कच्या वर सोळा जोड्या डोळे
तसेच राहिले, ओले,
प्रत्येक जण दुसऱ्यात कुणीतरी शोधत.

आई म्हणायची, माणसाकडे बोट करू नये.
मी एक हात सोडला, बोट वर केलं.
खवल्यांनी माखलेलं, थरथरतं.
तीन चेहऱ्यांवरून ते घसरलं आणि थांबलं.
“रोडेल. एकशे बारा.”
तो धावला. बूट घसरले, उठला, पुन्हा धावला.
मी मोजत राहिले.
कधीतरी लक्षात आलं, आवाज थांबलाय.
पट्टा बंद होता.
बटण कुणी दाबलं ते विचारलं नंतर,
सगळ्यांनी माना हलवल्या. मी नाही. मी नाही.
अजून कळलेलं नाही.

चार नंबरचं नाव विल्बोर्ग.
मार्चमध्ये ती परतली, हलक्या कामावर.
“दोन फासळ्या मोडल्यास,” पहिलं वाक्य हेच,
आणि लोकरीचे हातमोजे पुढे केले, डावा जरा मोठाच.

आता आम्ही कोटांच्या पाठीवर नावं लिहितो,
निळ्या मार्करने, एकमेकांची.
स्वच्छता निरीक्षकाने हरकत घेतली, मग सोडून दिली.
शुक्रवारी धुलाईत नावं जातात,
सोमवारी पुन्हा लिहायची.
माझ्या पाठीवर रोडेल लिहितो.
दांगुओले, मी सांगते. तो लिहितो दांगोल.
इतके सोमवार झाले, मी दुरुस्त केलं नाही.
हाक येते तशीच, अर्धवट,
आणि मी वळते.